तुम्ही विचारलंत म्हणून: पीएचडीला हो म्हणायच्या आधी जाऊन बघावं का?

फेब्रुवारी उजाडला की राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात. "ताई, अमेरिकेतल्या पीएचडीची दोन ठिकाणची ऑफर आलीये, एकीकडे व्हिजिटला बोलावलंय, जायलाच पाहिजे का? वेबसाइटवर तर सगळं दिसतंय की." ह्या महिन्यात तिघांनी विचारलं, तिघांना तेच तेच टाइप करून अंगठा दुखला, म्हणून आता एकदाच नीट लिहिते.

छोटं उत्तर: बोलावलंय आणि तिकीट ते काढतायत तर जा, दोन दिवसांची झोप बुडाली तरी जा. मोठं उत्तर असं की मी गेले होते भलत्याच गोष्टी बघायला आणि बघून आले तिसरंच काहीतरी.

ही गोष्ट २०१८ च्या मार्चची. मी तेव्हा अमेरिकेतच होते, दक्षिणेतल्या एका राज्यात एमएस संपवत होते, म्हणून डिपार्टमेंटांना मला बोलावणं परवडलं. भारतातून अप्लाय करणाऱ्यांना बहुतेक वेळा व्हिडिओ कॉलवरच भागवून घ्यावं लागतं, त्यांच्यासाठी पुढे लिहिलंय. माझ्या यादीत तीन ठिकाणं होती. आयोवातलं एम्स (आयोवा स्टेट विद्यापीठ), इलिनॉयमधलं अर्बाना (इलिनॉय विद्यापीठ), आणि तिसरं ज्याचं नाव मी सांगणार नाहीये. रँकिंगमध्ये तिघांत वर तेच होतं, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर मामा, काका, आत्येभाऊ सगळ्यांचं मत आधीच तिथे पडून मोकळं झालेलं.

माझा विषय माती आणि पाणी, त्यातही निचरा. आमची जमीन वाळवा तालुक्यात. खालच्या अंगाची दीड एकर उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झाली, उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुटतं आणि हरळीशिवाय काही तग धरत नाही. अशा जमिनीला उपाय म्हणजे खालून सच्छिद्र पाइप टाकून पाणी बाहेर काढायचं. आणि आयोवा-इलिनॉयचा बराचसा मक्याचा पट्टा मुळात पाणथळच होता, लोकांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जमिनीखाली नळ्या घालून तो कोरडा केला तेव्हा कुठे मका उभा राहिला. तिकडे त्याला अजून टाइलच म्हणतात, कारण आधी त्या भाजक्या मातीच्या असायच्या. म्हणजे मी जगात कुठे शिकायला जायचं तर इथेच, हे ठरलेलं होतं, प्रश्न फक्त कुठल्या गावात आणि कोणाच्या हाताखाली.

एम्सबद्दल खरं सांगते, मला कार्व्हर बघायचा होता. मराठी घरात वाढलेल्या पोराला कार्व्हर कोण हे सांगावं लागत नाही, आमच्या शाळेत तर भाषण स्पर्धेत दर वर्षी कोणीतरी कार्व्हर घेऊन उभं राहायचंच. तो इथलाच, १८९४ ला पदवी, १८९६ ला एमएस आणि मग टस्कीगीला गेला. तर मी पहिल्याच सकाळी, मीटिंगा सुरू व्हायच्या आधी, बर्फातून चालत कार्व्हर हॉल शोधत गेले. साधे कापडी बूट घातलेले, दहा मिनिटांत मोजे ओले. बाहेर फोटो काढला, आईला पाठवला, भारावून आत गेले तर आत गणिताचं डिपार्टमेंट. फळ्यावर कोणीतरी इंटिग्रेशन करून ठेवलेलं. अर्धा मिनिट उभी राहिले आणि बाहेर आले.

दिवसभर मग अर्ध्या अर्ध्या तासाच्या मीटिंगा. एक प्रोफेसर झाले की दुसरे, प्रत्येक जण शेवटी म्हणतो, तुझे काही प्रश्न? पहिल्या दोघांना विचारून माझे प्रश्न संपले, तिसऱ्यांना मी हवामान विचारलं. पण ज्यांच्याबरोबर काम करायचं होतं ते सर फारच चांगले निघाले. तेव्हा शेतातल्या खतांमधून नाल्या-नद्यांत उतरणाऱ्या नायट्रेटवरून तिकडे वातावरण तापून गेलेलं, दे मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेनं २०१५ मध्ये नदीच्या वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांवर (म्हणजे जिल्ह्यांवर) केलेली केस २०१७ मध्ये कोर्टानं काढून टाकली होती, त्यावर ते तासभर बोलले. आणि मी न विचारता स्वतःहून म्हणाले, माझ्या ग्रँटची दोनच वर्षं उरलीत, पुढचं मी मिळवीन बहुतेक, पण तुला आत्ता माहीत असलेलं बरं.

हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे कोणी सांगत नाही. आमच्या क्षेत्रात ॲडमिशन कागदावर विद्यापीठाची असते पण खरी ती एका माणसाच्या ग्रँटवरची, म्हणजे त्याला संशोधनासाठी मिळालेल्या निधीवरची असते. आठवड्याला २० तासांची असिस्टंटशिप (प्रोफेसरांच्या हाताखालचं पगारी काम) म्हणजे तुमची फी आणि तुमचं भाडं, आणि ती त्या ग्रँटवर उभी. पीएचडीला लागणार चार-पाच वर्षं, ग्रँट असते अनेकदा तीन वर्षांची. तर मधल्या वर्षांत काय, टीएशिप (शिकवण्यात मदत करायचं पगारी काम) मिळते का, डिपार्टमेंट सांभाळून घेतं का, स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा, त्यातून दर सेमिस्टरला कसली कसली फी कापतात, हे ऑफर लेटरमध्ये अर्धवट असतं आणि वेबसाइटवर तर नसतंच.

आता ते तिसरं ठिकाण. तिथे थाट मोठा होता, हॉटेल झकास, गळ्यात नावाचा बिल्ला, पिशवीत मग आणि टी-शर्ट. सर नामांकित. दुपारचं जेवण फक्त लॅबच्या स्टुडंट्सबरोबर, प्रोफेसर कोणी नाहीत. मी विचारलं, सर कसे आहेत? पाच जण होते टेबलावर. एकानं काटा प्लेटमध्ये फिरवला. दुसरा म्हणाला, खूप पब्लिश करतात. तिसरा म्हणाला, कामाबद्दल फार पॅशनेट आहेत. मग कोणीतरी डेझर्टचा विषय काढला. कोणी एक वाईट शब्द बोललं नाही हं, पण आपण लग्नाचं स्थळ बघायला जातो आणि मुलाचा स्वभाव विचारल्यावर शेजारीण म्हणते "घर मोठं आहे हो", अगदी तसं वाटलं मला. संध्याकाळी पार्किंगकडे जाताना त्यातली एक मुलगी माझ्याबरोबर मागे रेंगाळली आणि पुढे बघतच म्हणाली, "किती जण आले आणि किती जण डिग्री घेऊन गेले ते विचार."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. पाय लटपटत होते पण विचारलं. सर हसले आणि म्हणाले, ते तुम्ही कसं मोजता त्यावर आहे.

घरी येऊन मी मोजलं. लॅबच्या पानावरची माजी विद्यार्थ्यांची यादी घेतली, सरांच्या जुन्या पेपरांवरची नावं घेतली, आणि विद्यापीठाच्या लायब्ररीत प्रत्येकाचा थिसिस आहे का शोधला. चार नावं अशी निघाली की पेपरवर आहेत पण ना यादीत ना थिसिसमध्ये. प्रत्येकाची काहीतरी वेगळी गोष्ट असेल, मान्य. पण चार.

हे मोजायला कुठे जावं लागत नाही, भारतात बसून एका संध्याकाळी होतं, तेवढं तरी सगळ्यांनी कराच. आणि स्टुडंट्सशी बोलायचं तर एकेकाशी वेगळं बोला, ईमेलवर नाही, कॉलवर. ईमेलमध्ये सगळे सुखी असतात. लॅब सोडून गेलेल्या एकाला तरी गाठा. आणि "सर कसे आहेत" असं माझ्यासारखं विचारू नका, "मागच्या वेळी तुझं सरांशी पटलं नाही तेव्हा काय झालं" असं विचारा, त्याला उत्तर द्यावं लागतं.

अर्बानाला मी शिकागोहून ट्रेननं गेले, तीन तासांचा रस्ता, मालगाडीला वाट द्यायला मधेच शेतात थांबली आणि मी उपाशी पोहोचले. राहायला हॉटेल नव्हतं, चौथ्या वर्षाच्या एका पीएचडीवाल्या मुलीचा सोफा. रात्री अकरा वाजता तिनं खिचडी टाकली (मराठी नव्हती ती, बिहारची, पण खिचडी ती खिचडी). तिथल्या कॅम्पसच्या मधोमध मोरो प्लॉट्स नावाचा मक्याचा तुकडा आहे, १८७६ पासून त्यावर प्रयोग चालू आहेत. आणि शेजारी लायब्ररी बांधायची वेळ आली तेव्हा मक्यावर सावली पडेल म्हणून ती १९६९ साली जमिनीखाली बांधली. मी हे आप्पांना फोनवर सांगितलं तर त्यांना आधी खरंच वाटेना. मग म्हणाले, "बरं, आणि माती कशी हाय तिथली?" रँकिंग त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

माती मी बघितली. दुसऱ्या दिवशी त्या बिहारच्या मुलीनं मला दक्षिणेकडच्या शेतांवर नेलं, हातातला प्रोब (मातीचा नमुना काढायची नळी) पायानं दाबून खाली घातला आणि बाहेर काढून माझ्यापुढे आडवा धरला. वरचा हातभर भाग काळाभोर, खाली राखाडी आणि त्यात तांबूस ठिपके, म्हणजे इथे पाणी साचून असायचं. ड्रमर म्हणतात ह्या मातीला, इलिनॉयची राज्य-माती आहे ती. चिमूटभर घेऊन चिमटीत दाबत पट्टी काढली (जितकी लांब निघेल तितकी माती चिकण), दोन इंच निघाली आणि तुटली. आपल्या काळ्या रानाची माती काळी दिसते पण सेंद्रिय कर्ब बऱ्याचदा एक टक्क्याच्या आत, इथलं काळेपण हजारो वर्षांच्या गवताच्या मुळांचं. हाताला वेगळीच लागते, लोण्यासारखी.

पण मी अर्बाना निवडलं ते मातीमुळे नाही. परतीच्या ट्रेनला सोडायला तीच आली, गाडीत आम्ही दोघीच, हीटर बिघडलेला, आणि वीस मिनिटांच्या रस्त्यात तिनं सहज सांगितलं की दुसऱ्या वर्षी तिचं आधीच्या गाइडशी जमलं नाही, बदलायचा होता, तर डिपार्टमेंटनं एक सेमिस्टर टीएशिप देऊन मधला काळ निभावून नेला, आणि ते जुने गाइड आजही तिचा थिसिस तपासणाऱ्या कमिटीवर आहेत. भांडण झालं तरी माणूस रस्त्यावर येत नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. व्हिसावर असताना ह्याची किंमत काय असते ते व्हिसावर असणाऱ्यालाच कळतं.

नंतर त्या तिसऱ्या ठिकाणाहून ईमेल आला, आठवड्यात कळव नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. तेव्हा मला १५ एप्रिलबद्दल माहीत होतं म्हणून बरं. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी एका ठरावावर सही केलीय की फंडिंगच्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती करायची नाही. यादीत तुमचं विद्यापीठ आहे का बघा आणि असेल तर नम्रपणे आठवण करून द्या. मी दिली. मग घाई एकदम ओसरली. एम्सच्या सरांना नाही कळवताना मात्र मी चार वेळा ईमेल लिहून खोडला.

किरकोळ सूचना: पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर परत मिळतात, मला सहा आठवडे लागले, तेव्हा क्रेडिट कार्डात जागा ठेवा आणि टॅक्सीची पावतीसुद्धा टाकू नका. शाकाहारी असाल तर आधी कळवा, नाहीतर बार्बेक्यूच्या हॉटेलात बसून कोशिंबीर खाल. आणि मार्चमध्ये कापडी बूट घालून जाऊ नका.

पुढे दर वर्षी फेब्रुवारीत माझ्याच सोफ्यावर कोणी ना कोणी झोपायला लागलं. तिसऱ्या वर्षी एक मुलगी आली होती, हैदराबादची, फार हुशार, लॅबमध्ये सगळ्यांसमोर तिनं मला सरळ विचारलं, पुन्हा निवडायचं असतं तर हेच निवडलं असतंस? माझ्या शेजारी दोन लॅबमेट उभे, दार उघडं, सर पलीकडच्या खोलीत. मी म्हटलं, हो, आणि बाकीचं तुला गाडीत सांगते.