160 चं घर

बँकेचा मूल्यांकन अहवाल सकाळी साडेनऊला आला आणि मी खुर्चीत नुसती बसून राहिले. आमचा सौदा ठरला होता 118 ला, अहवालात आकडा होता 98. (कुणाच्या घराची खरी रक्कम उघड करणं बरोबर नाही. म्हणून त्या वर्षी झालेल्या एका व्यवहाराला 100 धरते आणि बाकीचे आकडे त्याच प्रमाणात सांगते.)

एका लहान वस्तीत घरांच्या खरेदी-विक्रीचं काम मी 14 वर्षं करते आहे. त्या वर्षी तिथे पाचच घरं विकली गेली होती. 80, 90, 95, 100 आणि 160. सरासरी 105. घर विकायला काढलेल्या काकांना मी हीच सरासरी सांगितली होती. काका 150 वर अडून होते, घेणारे 95 च्या वर जायला तयार नव्हते, आणि दोन महिन्यांच्या ओढाताणीनंतर मी दोघांना 118 वर आणलं. पाचांतला मधला आकडा बघितला असता तर तो 95 होता. 160 बाजूला काढला असता तर उरलेल्या चार घरांची सरासरी जेमतेम 91. हे मला कळत नव्हतं असं नाही. काका दर वेळी ‘ते 160 ला गेलंच ना?’ म्हणायचे आणि मी तो आकडा खोडून काढायचं टाळत राहिले.

ते 160 चं घर शेजाऱ्यानेच घेतलं होतं. त्याला आपलं वर्कशॉप वाढवायचं होतं आणि त्याच्या भिंतीला लागून जागा ती एकच. दुसऱ्या कुणी त्या घराला तेवढे पैसे दिले नसते. म्हणून मूल्यांकन करणारा असा व्यवहार जमेस धरत नाही, किंवा फार जपून धरतो. शेकडो व्यवहार होतात तिथे असा एखादा आकडा मुरून जातो. पाचांत कुठे मुरणार?

अकरा वाजता घेणारे आले. नवरा-बायको, दोघंही नोकरी करणारी. बँकेने 80 टक्के कर्ज कबूल केलं होतं, पण सौद्याची किंमत आणि मूल्यांकन यांत जी रक्कम कमी, तिच्या 80 टक्के. म्हणजे 94 ऐवजी 78. पदरचे 24 घालायची तयारी करून बसलेल्या माणसांना आता 40 लागणार होते. ती म्हणाली, “ताई, एवढे आणायचे कुठून?” मला उत्तर सुचलं नाही.

दुसरं घर दाखवते, असं म्हणणं वरवर सोपं होतं. विक्रीला नऊ घरं होती. वर्षाला पाच विकली जातात त्या वेगाने नऊ संपायला 21-22 महिने. आमच्या कामात साधारण सहा महिने पुरतील इतकी घरं असली की पारडं समतोल मानतात, त्याहून खूप जास्त असली की घेणाऱ्याची चलती. हिशेबाने या दोघांची चलती होती. पण त्या नऊपैकी तीन घरं नावालाच विक्रीला होती. मालकांनी ती तेजीत घेतलेली, आणि घेतल्या किमतीच्या खाली एक पैसाही उतरायचं नाही म्हणून दोन-दोन वर्षं तशीच पडलेली. हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी बॉस्टनमधल्या 1990 च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात हेच दिसतं: तोट्यात विकायची वेळ आलेला मालक किंमत जास्त सांगतो आणि त्याचं घर जास्त दिवस पडून राहतं. उरली सहा घरं. घर घेणाऱ्या या मुलाची आई व्हीलचेअरवर असते. खुर्ची दारातून आत जाईल असं तळमजल्यावरचं घर त्या सहांत एकच होतं, काकांचं. ही माणसं तीन वर्षं भाड्याच्या घरात, आईला जिन्यावरून उचलून नेत होती. त्यांच्यासाठी बाजारात एकच घर होतं आणि माझा 22 महिन्यांचा हिशेब त्यांच्या काहीच उपयोगाचा नव्हता.

दुपारी काकांकडे गेले. आधी माझी चूक सांगितली. सरासरी सांगायला नको होती, म्हटलं. मग पाचही व्यवहार कागदावर लिहिले आणि प्रत्येकापुढे घेणारा ते का घेत होता तेही लिहिलं. काका बराच वेळ 160 वर बोट ठेवून बसले.

“दुसरं गिऱ्हाईक बघ,” ते म्हणाले.

“बघते काका. पण त्याची बँकसुद्धा हेच पाच व्यवहार बघणार.”

तेव्हा कुठे त्यांनी 150 चा उगम सांगितला. लेकीच्या शहरात, तिच्या घराजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट तेवढ्याला मिळत होता. जिथे राहायला जायचं तिथल्या भावावरून त्यांनी या घराची किंमत काढली होती. विकणारे बहुतेक जण असंच करतात आणि मला त्याचा कधीच राग आलेला नाही. एकट्या म्हाताऱ्या माणसाने आणखी कशावरून काढायची? पण घेणाऱ्याची बँक त्या शहराकडे बघत नाही.

आम्ही तिथेच बसून लेकीला फोन लावला. तिने एका खोलीचा फ्लॅट शोधायचं कबूल केलं. काका संध्याकाळी 104 वर आले. घेणाऱ्यांना आता पदरचे 26 लागणार होते, दोनच जास्त. मुलाने ते ऑफिसातून उचल घेऊन भागवायचं ठरवलं.

घरी पोहोचते तोच पलीकडच्या गल्लीतल्या एका मालकाचा फोन. “काकांचं कितीला गेलं?” बातमी माझ्याआधी पोहोचली होती. मी आकडा सांगितला नाही. व्यवहाराची नोंद झाली की वही घेऊन येते, म्हटलं. मग वही उघडली, 104 लिहिला आणि त्याच्यापुढे लिहिलं: तळमजला, रुंद दार, घेणाऱ्यांना दुसरं घर नव्हतं.