आमची वाटचाल : ३६ लोफ आणि एक नोकरी

आमची बेकरी आठवड्यातून एकदाच चालते, शनिवारी पहाटे चार ते सकाळी दहा. ओव्हनमध्ये एका वेळी सहा लोफ मावतात. ते भाजायला पाऊण तास लागतो आणि ओव्हन पुन्हा नीट तापायला पाव तास. म्हणजे तासाला सहा, सहा तासांत ३६. सदतिसावा लोफ आम्ही करत नाही. ‘मागणी आहे तर वाढवत का नाही?’ असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही म्हणून हे लिहायला घेतलं.

मी बॅकएंड इंजिनिअर आहे, म्हणजे ॲप किंवा वेबसाइटच्या पडद्यामागे चालणारी सिस्टिम सांभाळते. ज्या सिस्टिमवर काम करते ती ९९.९९ टक्के वेळ चालू राहील असं आमच्या कंपनीनं ग्राहकांना लिहून दिलं आहे. आकडा ऐकायला छान वाटतो, पण त्याचा अर्थ वर्षभरात मिळून जेमतेम ५२ मिनिटं बंद राहायची मुभा. म्हणून पाळीपाळीनं कुणीतरी उशाशी फोन घेऊन झोपतं, त्याला आम्ही ‘ऑन-कॉल’ म्हणतो. अशाच एका पाळीत रात्री पावणेतीनला फोन वाजला, चारपर्यंत बिघाड सापडला, दुरुस्त झाला, आणि झोप पार उडाली. स्वयंपाकघरात मैदा होता आणि कधीतरी पिझ्झा करायचा म्हणून आणलेलं यीस्टचं पाकीट. दुसरं काही सुचेना म्हणून पीठ भिजवलं.

तो ब्रेड म्हणजे वीट झाली. यीस्ट साधारण ५५ ते ६० अंशांच्या पुढे तग धरत नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं. मी ‘कोमट’ म्हणून जे पाणी घातलं ते चहाला चाललं असतं. पण पंधरा मिनिटं कणीक तिंबत होते त्या वेळात फोनला एकदाही हात लावला नाही. यात मनोनिग्रह वगैरे काही नव्हता, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं माखले होते.

पुढचे सात-आठ महिने मी वाईट ब्रेड केला. घरच्यांनी तो निमूट खाल्ला याबद्दल त्यांचे आभार इथेच मानते, कारण समोर मानले तर जुने हिशोब निघतील. मला मात्र त्या वाईट ब्रेडमध्येही काहीतरी सापडत होतं. आमच्या कामात कुठलीच गोष्ट संपत नाही. कामांच्या बोर्डावरचं कार्ड ‘डन’मध्ये सरकवलं की दोन आठवड्यांत तेच नव्या नावानं परत येतं. पाच वर्षं टिकलेल्या कोडला आम्ही ‘लेगसी’ म्हणतो आणि तो उपटून टाकायच्या योजना आखतो. इकडे जॉर्डनच्या ईशान्य भागात शुबैका इथे सापडलेले ब्रेडचे जळके तुकडे १४,४०० वर्षांपूर्वीचे निघाले, म्हणजे शेती सुरू होण्याच्याही सुमारे चार हजार वर्षं आधीचे. ते संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा मी ऑफिसच्या गटावर टाकलं होतं. कुणीतरी विचारलं, ‘मायग्रेशन प्लॅन काय आहे यांचा?’ म्हणजे जुनं सोडून नव्यावर कधी जाणार. लोफ मात्र सकाळी भाजला की दुपारपर्यंत खाऊन संपतो. त्याची पुढची आवृत्ती काढा असं कुणी म्हणत नाही. संपण्यातलं हे सुख मला तोवर माहीत नव्हतं.

यीस्टच्या पाकिटावरून मी स्टार्टरवर आले. पीठ आणि पाणी समसमान कालवून ठेवायचं, रोज थोडं काढून टाकायचं, ताजं घालायचं. आठवडा-दोन आठवड्यांत पिठातलेच रानटी यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू त्यात घर करतात. विरजण लावण्यासारखंच, फक्त इथे पहिलं विरजणही आपणच जन्माला घालायचं. यीस्ट वायू करतं, जिवाणू आंबटपणा आणतात. संगणकवाले या नादाला इतक्या सहज का लागतात ते मला ठाऊक आहे. एक्सबॉक्स हे व्हिडिओ गेमचं यंत्र घडवणाऱ्यांपैकी एक, शेमस ब्लॅकली यांनी २०१९ मध्ये प्राचीन इजिप्तच्या मातीच्या भांड्यांतून मिळवलेलं यीस्ट जागं करून त्याचा ब्रेड भाजला होता. त्यांच्यापुढे माझं वेड अगदीच पोरकट. पण मूळ तेच असावं : आकडे बदलून बघायचे, एक बदल एका वेळी, आणि निकाल हातात धरता येतो.

आकड्यांवरूनच आमची वहिनी या धंद्यात आली. ती लेखापाल आहे. बेकरीच्या कृतीत पीठ म्हणजे कायम १०० टक्के धरतात आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात लिहितात. माझं लिहिलेलं होतं पाणी ७५, स्टार्टर ४०, मीठ २. तरी कणीक ओट्यावर ठेवली की पसरायची. मी पिठाला दोष देत होते. वहिनीनं कागद ओढून घेतला आणि म्हणाली, ‘अगं, स्टार्टर म्हणजे काय नुसती हवा असते का? त्यातलं पीठ नि पाणी कुठल्या खात्यात टाकलंस?’ कुठल्याच नाही! एक किलो पिठामागे ४०० ग्रॅम स्टार्टर, म्हणजे त्यात २०० ग्रॅम पीठ आणि २०० ग्रॅम पाणी. खरा हिशोब १,२०० ग्रॅम पीठ आणि ९५० ग्रॅम पाणी, ७९ टक्क्यांच्या वर. माझ्या पिठातल्या प्रथिनांना तेवढं पाणी झेपत नव्हतं. मी दिवसभर इतरांच्या कोडमधल्या चुका काढते आणि घरी बेरीज चुकत होते. स्टार्टर २० वर आणला, पाणी जरा कमी केलं, आणि त्या रविवारचा लोफ पहिल्यांदा वर उठला. वहिनीनं एक घास खाल्ला, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘हा विकता येईल.’

पुढचं भराभर झालं. ऑफिसात दोन लोफ नेले, पुढच्या आठवड्यात सहांची मागणी आली, मग नावं लिहायला तक्ता करावा लागला. परवाना, वजनकाटा, छोटा डेक ओव्हन, मागची खोली रिकामी करणं, यातलं काहीच सांगण्यासारखं नाही. सगळ्यांचं होतं तसंच झालं, ठरवल्यापेक्षा उशिरा.

सांगण्यासारखा आहे तो फ्रिज. नोकरी आणि बेकरी एकत्र चालतात त्या फ्रिजमुळे. गुरुवारी रात्री स्टार्टर वाढवून ठेवायचा. शुक्रवारी मी घरून काम करते, दुपारी कणीक मळायची, दर अर्ध्या तासानं ओल्या हातानं तिच्या घड्या घालायच्या, संध्याकाळी तोलून, आकार देऊन वेताच्या टोपल्यांत ठेवायची आणि टोपल्या चार अंशांच्या फ्रिजमध्ये सरकवायच्या. त्या थंडीत यीस्ट जवळजवळ झोपतं, पण आंबणं अगदी थांबत नाही. दहा-बारा तासांत चव खोल होते आणि मलाही सहा तास झोप मिळते. मीटिंगच्या मध्ये घड्या घालायला दोन मिनिटं पुरतात. कॅमेरा बंद ठेवून मी किती वेळा घड्या घातल्या असतील ते इथे लिहीत नाही, हे ऑफिसातलेही वाचतात.

मिक्सर आणला तेव्हा मोठा फटका बसला. तोवर कणीक हातानं मळायचो. कणकेचं तापमान २५ अंश यावं म्हणून पाण्याचं तापमान काढायची सोपी रीत आहे : २५ला चारनं गुणा आणि त्यातून पीठ, खोली आणि स्टार्टर यांची तापमानं वजा करा. पीठ २८, खोली २९, स्टार्टर २७ असेल तर पाणी १६ अंशांचं हवं. हातानं मळताना हे चालून जात होतं. मिक्सरचा मळणारा हुक मात्र घर्षणानं कणीक तापवतो आणि त्याचीही वजाबाकी करावी लागते. आमच्या यंत्राला ती १२ निघाली, म्हणजे पाणी चारच अंशांचं हवं होतं. आम्ही १६चंच ओतलं. कणीक २८ला निघाली. तीन अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल, पण आंबण्याचा वेग तेवढ्यानंही भलताच वाढतो. त्यात त्या दुपारी माझी मीटिंग लांबली. परत आले तेव्हा कणीक टोपाच्या काठाशी आली होती, बोट लावलं की हताशपणे खाली बसत होती. आम्ल आणि एन्झाइमं यांनी ग्लुटेनची, म्हणजे पिठातल्या प्रथिनांची, जाळी सैल केली की कणकेत वायू धरून ठेवायची ताकद राहत नाही. तरी आशेनं भाजले. २४च्या २४ लोफ चपटे, आंबट, फिकट. फिकट कारण सालीला रंग आणणारी साखर यीस्टनं आधीच खाऊन टाकलेली.

मदतीला येणारा मुलगा रडवेला झाला. ‘ताई, पाणी मी ओतलं.’ मी म्हटलं, पाणी तू ओतलंस, पण किती अंशांचं ते फळ्यावर मी लिहिलं होतं. ऑफिसात मोठा बिघाड झाला की आम्ही पोस्टमॉर्टेम लिहितो आणि त्यात कुणाचं नाव घालायचं नाही असा नियम असतो. काय घडलं, कसं घडलं, पुन्हा घडू नये म्हणून काय बदलायचं, एवढंच. त्या शनिवारी पिठाच्या पोत्यावर बसून तिघांनी तसंच एक लिहिलं. ऑफिसातल्या या रीतीबद्दल मी बरंच वाकडं बोलत आले आहे, पण त्या दिवशी ती उपयोगी पडली. तेव्हापासून पिठात थर्मामीटर खुपसल्याशिवाय पाणी मोजत नाही. २४ जणांना फोन केले, पैसे परत केले. वहिनीनं वहीत ‘नुकसान’ असा वेगळा रकाना आखला. तो अजून आहे आणि अधूनमधून भरतोही.

ज्यामुळे ३६चा आकडा पक्का झाला ती गोष्ट याहून वाईट होती, कारण ती करताना मला मजा येत होती. एका खानावळीच्या मालकांनी रोज १२० लोफ मागितले. मी रात्री बसून आराखडा केला : दोन पाळ्या, दुसरा ओव्हन, चार माणसं. आराखडा करता करता वाटलं की स्टार्टरवर लक्ष ठेवायला काहीतरी हवं. बरणीच्या झाकणाला अंतर मोजणारा सेन्सर लावला, शेजारी तापमानाचा, आणि स्टार्टर पुरता फुगून खाली बसायला लागला की फोनवर सूचना यावी अशी सोय केली. दोन रात्री जागून केलं. सुंदर चाललं. तिसऱ्या रात्री तीनला फोन वाजला. मी दचकून उठले, लॅपटॉप उघडला, सर्व्हर तपासले, सगळं हिरवं. मग लक्षात आलं, बरणीचा फोन होता.

नवरा अंधारातच म्हणाला, ‘आता पीठही ऑन-कॉल?’

मी उठून बरणी फ्रिजमध्ये ठेवली आणि सेन्सर काढला. सकाळी वहिनीला सांगितलं की १२०ला नाही म्हणू या. मला वाटलं होतं ती नफ्याचं गणित मांडेल. तिनं विचारलं, ‘मग किती? आकडा सांग, कुठेतरी लिहायला हवा.’ तेव्हा ओव्हनचे तास मोजून ३६ काढला. ९०० ग्रॅमच्या कणकेचे ३६, म्हणजे ३२ किलो ४०० ग्रॅम कणीक, साधारण साडेसोळा किलो पीठ. तेवढं मी, वहिनी आणि तो मुलगा मिळून धाप न लागता करू शकतो.

नोकरी सोडा आणि आवडीचं करा, असं सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. बेकरीतून पीठ, वीज, मदतीच्या मुलाचा पगार निघून थोडं उरतं. तेवढ्यावर घर चाललं नसतं, आणि चालवायचं ठरवलं असतं तर १२०ला नाही म्हणायची माझी काय बिशाद होती? पण नोकरीतही काही सोडावं लागलं. दोन वर्षांपूर्वी टीमची प्रमुख होण्याची विचारणा झाली, त्यात शुक्रवार गेला असता. मी नकार दिला. त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. ऑफिसात माझ्या हाताखाली शिकलेला एक जण आज माझं मूल्यमापन लिहितो आणि बरं लिहितो.

गिऱ्हाईकांसाठी एक सांगून ठेवते, कारण तक्रारी याच येतात. ब्रेड गरम असताना कापू नका. बाहेर आला तरी आतली स्टार्च बसायची असते, सुरी चिकटते आणि मग ‘कच्चा राहिला’ म्हणून फोन येतो. निदान दोन तास थांबा. आणि उरलेला फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नका. स्टार्च पुन्हा कडक होण्याची क्रिया त्या थंडीत बाहेरच्यापेक्षा जास्त वेगानं होते. दोन दिवसांत संपणार नसेल तर काप करून थेट फ्रीझरमध्ये टाका.

गेल्या शनिवारी पाळी बदलून घ्यायचं राहून गेलं होतं. नऊ वाजता शेवटचे सहा बाकी असताना फोन आला, सर्व्हरवर कामांची कुठलीतरी रांग तुंबली होती. मी कॉलवर गेले, लॅपटॉप लोफ गार करायच्या जाळीशेजारी ठेवला. लोफ गार होताना साल आकसते आणि बारीक तडे जातात, त्याचा चुरचुर आवाज येतो. सहाच्या सहा लोफ एकदम चुरचुरत होते. दुसरीकडून कुणीतरी म्हणालं, ‘लाइनवर काहीतरी खरखरतंय, प्रत्येकानं आपापला माइक बघा.’

‘माझा आहे,’ मी म्हटलं. ‘पाच मिनिटांत थांबेल.’