नव्या पिकअपची थरथर: ११ हर्ट्झ गेला, ४५ अजून ठाण मांडून

नव्या पिकअपच्या थरथरीच्या आलेखातला ११ हर्ट्झचा (सेकंदाला ११ ठोक्यांचा) सुळका अखेर झोपला. ८५ ते ९५ किमी वेगाच्या पट्ट्यात सीटमधून कमरेला लागणारी जाड थरथर आता मुद्दाम शोधावी लागते. आतल्या आरशात मागच्या ट्रकच्या नंबरप्लेटचे आकडे दुहेरी दिसायचे, ते आता सरळ वाचता येतात. एवढ्यावर पेढे वाटायला हरकत नव्हती, पण जाड थरथर गेल्याबरोबर तिच्याआड दडलेली दुसरी उघडी पडली: बारीक, झिणझिण्या आणणारी, पायाखालच्या पत्र्यातून आणि गिअर लिव्हरमधून येणारी, ४५ हर्ट्झची. म्हणजे दुखणी दोन होती. सर्व्हिस सेंटरमध्ये दर खेपेला चाकं बॅलन्स होऊन यायची आणि सोबत "लॅडर फ्रेमची गाडी आहे साहेब, एवढं चालायचंच" हे ऐकायला मिळायचं. बॅलन्सिंगने या दोहोंतलं एकही दुखणं हटणारं नव्हतं.

आकडेमोड पुन्हा एकदा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. टायर २४५/७० आर१६. व्यास ७४९ मिमी, परीघ २.३५ मीटर, वजनाखाली टायर बसतो म्हणून ३ टक्के वजा करून २.२८ धरायचा. ९० किमी म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला ११ फेरे घेतं. अ‍ॅक्सल रेशो ४.१, म्हणून प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) ४५ फेरे. क्रॉसची (शाफ्टच्या लवचीक सांध्याची) थरथर शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा होते, ती ९० हर्ट्झला दिसणार. सहाव्या गिअरला इंजिन साधारण २००० आरपीएमवर, म्हणजे सेकंदाला ३३ फेरे, आणि चार सिलिंडरचं इंजिन असल्याने त्याचं मुख्य टोक ६७ ला. हे पाच आकडे डॅशबोर्डवर चिकटवून ठेवले की मेकॅनिकशी होणारे निम्मे वाद मिटतात. २६५/६० आर१८ आणि ३.९ रेशोवाल्यांना ९० ला चाक १०.६ आणि शाफ्ट ४१ मिळेल.

मोजायला फोन पुरतो. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाचं फायफॉक्स अ‍ॅप फुकट आहे आणि त्यात प्रवेगाचा स्पेक्ट्रम थेट दिसतो. फोन होल्डरमध्ये ठेवू नका, होल्डर स्वतःच नाचतो. सीटच्या रेलला किंवा दोन सीटमधल्या कडक भागाला दुहेरी टेपने घट्ट बसवा. नमुने सेकंदाला २०० घेतले जात असतील तर १०० हर्ट्झच्या वरचं काही खरं मानू नका. ९० हर्ट्झचा सुळका जेमतेम पकडीत येतो. वेग जीपीएसचा घ्या, काटा नेहमी जास्त दाखवतो आणि ५ किमीच्या फरकाने सगळं गणित शेजारच्या खान्यात सरकतं.

चाचणीचा रस्ता डांबरीच हवा. समृद्धीवर किंवा एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवर स्लॅबचे सांधे साधारण साडेचार मीटरवर येतात. १०० च्या वेगाला त्यांचे ठोके ६ हर्ट्झच्या आसपास पडतात आणि त्यांचे दुप्पट सूर १२ ला, म्हणजे नेमके चाकाच्या खान्यात. समृद्धीवरचे आलेख दाखवून टायरवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही. खंबाटकी उतरल्यावर सुरूर ते भुईंज हा पट्टा सकाळी लवकर बरा पडतो.

आता ११ कसा गेला ते. सगळ्यात मोठा धागा मिळाला तो थरथरीच्या लाटांमधून. वेग पक्का ९० ठेवला तरी ती १५-२० सेकंदांनी वाढायची, ओसरायची, परत वाढायची. दोषी चाक एकच असतं तर जोर कायम राहिला असता. दोन चाकांच्या फिरत्या परिघात अर्ध्या टक्क्याचा फरक असेल तर त्यांचे ठोके साधारण १८ सेकंदांनी एकत्र येतात आणि मग सुटतात. म्हणजे किमान दोन चाकं बिघडलेली. पुढची चाकं मागे टाकल्यावर सीटमधली थरथर स्टेअरिंगमध्ये आली, त्यामुळे मागचीच जोडी दोषी हे ठरलं.

पण बॅलन्सिंग मशीनवर दोन्ही चाकं शून्य-शून्य. इथेच बहुतेक लोक अडकतात. साधं मशीन चाक हवेत फिरवतं आणि फक्त वजनाची वाटणी बघतं. टायर वजनाखाली दाबला गेला की एका बाजूला कडक आणि दुसऱ्या बाजूला मऊ आहे का, हे त्याला कळतच नाही. त्यासाठी चाकावर रूळ दाबून फिरवणारं रोड फोर्स मशीन लागतं. ते मोजक्या टायरवाल्यांकडे असतं, आणि असलं तरी रूळ न लावताच काम उरकण्याकडे कल असतो. म्हणून समोर उभं राहून छापील आकडे मागा. पिकअपच्या टायरला १०-११ किलोपर्यंतचा फरक चालतो असं धरतात. चारातल्या दोघांचे आकडे आले २१ आणि १७. बाकी ८ आणि ६.

२१ किलो म्हणजे किती? रिमच्या कडेला ३० ग्रॅमची चूक राहिली तर ९० च्या वेगाला साधारण ३ किलोचा जोर येतो. इथे चूक मुळातच कमी-जास्त १० किलोची होती. तिच्यावर शिशाचे तुकडे चिकटवून काय होणार?

दोन्ही टायर बाकीच्यांपेक्षा जुन्या आठवड्यातले निघाले (टायरच्या कडेवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे: बनवल्याचा आठवडा आणि वर्ष). गाडी यार्डात महिनोन्‌महिने एकाच जागी उभी राहिली की टायरला सपाट डाग पडतो. रात्रभराचा डाग वीसेक किलोमीटरमध्ये निघतो, यार्डातला निघेलच असं नाही. गाडी ताब्यात घेण्याआधी पाचही टायरचे कोड वाचा.

उपाय टायर रिमवर फिरवण्याचा. टायरवर लाल ठिपका असेल तर तो सगळ्यात कडक जागा दाखवतो, पिवळा हलकी जागा. सवयीने पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी आणतात, पण थरथरीच्या केसमध्ये लाल महत्त्वाचा: तो रिमच्या सगळ्यात खोलगट जागेसमोर यायला हवा. रिमवर खूण नसेल तर टायर उतरवून डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावून ती जागा शोधावी लागते. बेकर कंपनीचा ०.०१ मिमीचा डायल आणि मॅग्नेटिक स्टँड एवढ्यावर हे काम होतं. ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या स्वस्त डायलचा काटा दर वेळी वेगळ्या जागी परततो, त्यात पैसे घालू नका. फिरवल्यावर २१ चा ९ झाला. १७ चा मात्र १५ च्या खाली यायलाच तयार नाही, म्हणजे दोष टायरच्या अंगातच. त्याची रवानगी स्टेपनीच्या लोखंडी रिमवर, आणि स्टेपनीचा ७ किलोवाला टायर अलॉयवर.

बसवताना हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा, नट हाताने लावा, चाक हवेत असतानाच आडव्या क्रमाने आवळा आणि शेवट टॉर्क रेंचने. एअर गनने करकचून आवळणाऱ्याला तिथेच थांबवायचं. आलेखात ११ चा सुळका आता आधीच्या पाव उंचीचा आहे.

आता ४५. पाचव्या आणि सहाव्या गिअरला त्याच ९० वर आलेख घेतले: इंजिनचे सुळके सरकले, ४५ जागचा हलला नाही. न्यूट्रलमध्येही तसाच. इंजिन, क्लच, माउंटिंग संशयातून सुटले. राहिला शाफ्ट, दोन तुकड्यांचा, मधे सेंटर बेअरिंगवर टेकलेला.

इथे सगळेच आधी कोनांकडे धावतात. चुंबकवाल्या डिजिटल कोनमापकाने मोजलं, गाडी सपाट जागी, चाकांवर उभी: गिअरबॉक्सच्या टोकाला ४.०, पुढचा शाफ्ट ४.८, मागचा ७.२, पिनियन (शाफ्ट मागे ज्याला जोडतो तो डिफरन्शियलचा दांडा) ३.५ अंश. म्हणजे तीन क्रॉसचे कोन ०.८, २.४ आणि ३.७. मागचे दोन एकमेकांना खोडतात, पण पुरते नाही. वर्गांचा हिशोब केला तर उरलेला कोन पावणेतीन ते तीन अंश भरतो, म्हणजे काठावर. मोह होतो कमानपाट्यांखाली पाचर घालायचा. पण कोनाचा दोष ९० हर्ट्झला दिसतो, ४५ ला नाही. पडताळणी सोपी आहे: हौद्यात सिमेंटच्या ५० किलोच्या चार गोण्या, अ‍ॅक्सलच्या बरोबर वर. मागची बाजू बसली, कोन बदलले, ९० चा छोटा सुळका आणखी खुजा झाला आणि ४५ ढिम्म. पाचरींचा विषय इथे संपला. (पुढे कुणाला लागल्याच तर लोखंडी घ्या. माल वाहणाऱ्या गाडीत अ‍ॅल्युमिनियमच्या पाचरी चुरतात, मग यू-बोल्ट सैल होतात. यू-बोल्टही नवेच घाला, ताणलेले परत नकोत.)

शाफ्टच्या एका फेऱ्याला एकदा, म्हणजे एका बाजूला जास्त वजन किंवा रनआउट (केंद्र सोडून डुलत फिरणं). मागच्या शाफ्टच्या नळीवर डायल: मध्ये ०.३५ मिमी, पिनियनकडच्या टोकाला ०.६५. टोकाचा आकडा मधल्यापेक्षा जास्त, म्हणजे नळी वाकलेली नाही, फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) बसताना केंद्र सरकलं आहे. चार बोल्ट काढून शाफ्ट १८० अंश फिरवून बसवला: टोकाला ०.४०, आणि सुळका तिसऱ्या हिश्शाने खाली. फुकटात मिळालेला तिसरा हिस्सा! उघडण्याआधी फ्लँज, योक (क्रॉस धरणारा काटा) आणि स्प्लाइन (दातेरी जोड) तिन्हींवर रंगाची खूण करा. स्प्लाइन एक दात जरी चुकली तरी दोन्ही क्रॉसची जुळणी बिघडते आणि आणखी एक दुखणं ओढवून घेतल्यासारखं होतं.

उरलेल्यासाठी जुनी क्लिपची युक्ती. मागचा अ‍ॅक्सल घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या. घोड्या अ‍ॅक्सलच्या नळीखालीच हव्यात. फ्रेमखाली घेतल्या तर अ‍ॅक्सल लोंबकळतो आणि कोनच बदलतात. पुढच्या चाकांना मजबूत अडण, ४x४ बंद, ट्रॅक्शन कंट्रोल बंद, मागची चाकं काढून ब्रेकचे ड्रम उलट्या लावलेल्या नटांनी धरलेले, एक माणूस सीटवर, गाडीखाली कुणीही नाही. शाफ्टवर खडूने चार खुणा, होज क्लिपचा स्क्रू एकेका खुणेवर आणून काट्यावरच्या ८० ला आलेख. तिसऱ्या खुणेवर सुळका खाली आला. मग दुसरी क्लिप लावायची आणि दोन्ही स्क्रू त्या खुणेपासून सारख्या अंतराने दूर सारत जायचं. एकमेकींपासून १२० अंशांवर दोघींचा जोर एकीइतका, १८० ला शून्य, मधे हवं तिथे थांबा. क्लिप हँडब्रेकच्या केबलला घासत नाही ना, ते आधी हाताने फिरवून बघा.

क्लिपचा स्क्रू १० ग्रॅमचा धरला आणि नळीची त्रिज्या ३८ मिमी, तर ३८० ग्रॅम-मिमी. ९० च्या वेगाला ३ किलोचा धक्का, सेकंदाला ४५ वेळा. एवढीशी चीज सबंध केबिनचा पत्रा वाजवते.

क्लिपांनी सुळका निम्मा झाला आणि तिथेच अडला. पुढचा बेत मागचा शाफ्ट नवा मागवण्याचा होता, पण आकडे मांडताना एक गोष्ट खटकली: क्लिपा पिनियनच्या टोकाला आहेत, आणि उरलेली थरथर मागच्या सीटपेक्षा गिअर लिव्हरपाशी जास्त आहे. म्हणून फोन एकदा सेंटर बेअरिंगच्या आडव्या पट्टीजवळ फ्रेमला आणि एकदा डिफच्या (डिफरन्शियलच्या) घरावर बांधून आलेख घेतले. पट्टीवर ४५ चा सुळका डिफच्या दीडपट. शिल्लक चूक मधल्या सांध्यापाशी आहे. मागचा शाफ्ट बदलून ती तिथेच राहिली असती.

तेव्हा नवा शाफ्ट रद्द. दोन्ही तुकडे सेंटर बेअरिंगसकट जोडलेल्या अवस्थेत, तीन जागी वजन लावून बॅलन्स करायला हवेत. भोसरी एमआयडीसीत डायनॅमिक बॅलन्सिंगवाले बरेच आहेत, पण फोनवरच विचारा: अख्खा जोड मशीनवर बसतो का, की दोन तुकडे सुटे करणार? सुटे करणार असतील तर मधला सांधा तसाच राहतो. बॅलन्सिंगचा दर्जा जी१६ (किती चूक माफ, ते ठरवणारा) मागा. १२ किलोचा शाफ्ट आणि ३००० आरपीएम धरले तर त्यात एकूण साधारण ६०० ग्रॅम-मिमी चूक माफ आहे. त्याहून बरंच खाली आणून द्या म्हणायचं.

एकच अडचण: शाफ्टवर वजन वेल्ड केलं की वॉरंटीचा दावा गोत्यात. त्यामुळे भोसरीच्या आधी आलेख, डायलचे आकडे आणि क्लिपांचे फोटो लेखी तक्रारीसोबत सर्व्हिस सेंटरला जातील, आणि जॉब कार्डवर "गाडी थरथरते" ऐवजी "९० किमीला ४५ हर्ट्झ, सेंटर बेअरिंगपाशी" असं लिहून घेतलं जाईल. नुसत्या थरथरण्यावर चाक बॅलन्सिंगच होतं. क्लिपा त्या दिवशी काढलेल्या असतील, खुणा मात्र पांढऱ्या ऑइल पेंटने राखल्या आहेत. बदलून शाफ्ट मिळाला तर पहिला डायल पिनियनच्या फ्लँजवर, शाफ्ट न जोडता: तो स्वतःच ०.१ च्या वर फिरत असेल तर सरकलेलं केंद्र फ्लँजचं ठरेल, आणि नवा शाफ्टही तसाच वाजेल.