मुद्दाम लावलेला भात

दुपारी दीडचा सुमार. आम्ही मायलेकी हॉटेलात बसलो होतो आणि मला भात लागल्याचा वास आला. मी अर्धी उठलेसुद्धा. अडतीस वर्षं संसार केलेल्या बाईचे पाय त्या वासाला आपोआप गॅसकडे वळतात. मग तो गॅस सुवॉनमधल्या कुणा परक्या बाईचा का असेना.

लेक म्हणाली, "आई, बस खाली. तो मुद्दाम लावलाय."

मुद्दाम! मी नवी सून असताना एकदा भात लागला होता, तर सासूबाईंनी तो विषय पुढच्या पाडव्यापर्यंत पुरवला होता.

लेक इथे नोकरीला आहे. दक्षिण कोरियातलं सुवॉन म्हणजे सॅमसंगचं माहेरघर, त्यामुळे तिच्यासारखे आपल्याकडचे बरेच इंजिनियर इथे दिसतात. मी तीन महिन्यांसाठी आले आहे. शहरात अठराव्या शतकातला किल्ला आहे, तो पाहून झाला. आता रोज काय, तर गल्लीबोळातल्या खानावळी. कालची जेमतेम आठ टेबलांची होती. टेबलाच्या कडेला खण, त्यात चमचे आणि काठ्या. वर एक बेल, ती दाबली की बाई येते. मी काही ती दाबत नाही. जेवायला बसून घंटा वाजवायची हे मला देवळात गेल्यासारखं वाटतं. लेकही दाबत नाही, ती सरळ हाक मारते, "इमो!" इमो म्हणजे मावशी, अगदी आईची सख्खी बहीण या अर्थी. ऐकून बरं वाटलं. वाढणाऱ्या बाईला मावशी म्हणायची अक्कल फक्त आपल्यालाच आहे असा माझा इतकी वर्षं समज होता. ही मावशी माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल, पण मीही तिला इमोच म्हणते.

बसल्या बसल्या न मागता सात-आठ वाट्या पुढ्यात येतात. किमची, तिळाच्या तेलातली पालेभाजी, मोडाची कोशिंबीर, तिखटगोड परतलेली इवलीशी सुकी मासळी. ही आपल्या पानाची डावी बाजूच, फक्त इथे तिचा पसारा उजवीपर्यंत गेलाय. पहिल्या दिवशी मी हातच लावला नव्हता, उगाच बिलात लागायचं. पैसे पडत नाहीत, संपलं की पुन्हा देतात, हे कळल्यावर मासळीची वाटी दोनदा मागितली. मी रत्नागिरीची. सुकट चांगली करणाऱ्या माणसांशी माझं कुठेही जमतं.

काठ्या मात्र जमल्या नाहीत. इथल्या स्टीलच्या, चपट्या आणि निसरड्या. पण भात चमच्यानेच खायची रीत आहे, हे कळलं आणि जीव भांड्यात पडला.

तर ते भांडं. काळ्या दगडाचं, लाकडी पाटावर ठेवलेलं, वर लाकडाचं झाकण. १३,००० वॉन, म्हणजे साधारण ८०० रुपये. (हा हिशोब मनातल्या मनात करायचा असतो, मोठ्याने केला की लेक चिडते.) आत एका माणसापुरता वाफाळता भात, त्यात चार दाणे कडधान्याचे, एक सुकलेलं लाल बोर. तो भात दुसऱ्या वाडग्यात काढून घ्यायचा. तळाशी लागलेला तसाच ठेवायचा, त्यावर किटलीतलं गरम पाणी ओतायचं आणि झाकण लावून विसरून जायचं. जेवण उरकेपर्यंत ती खरवड पाण्यात सुटते. मग शेवटी तीच खायची, आणि ते पाणी प्यायचं.

त्या खरवडीचं नाव नुरुंगजी. शेवटचा 'जी' मला आदरार्थी वाटला. पाण्याला म्हणतात सुंगन्युंग. लेकीच्या ऑफिसातल्या मुलीने सांगितलं, त्यांच्यात म्हणच आहे, 'विहिरीवर जाऊन सुंगन्युंग मागतो.' पाणी शेंदायचं, तांदूळ धुवायचे, भात शिजायचा, तो लागायचा आणि हा आधीच वाडगा घेऊन उभा! आपला उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, त्यांचा विहिरीवर जातो.

आमच्याकडे भाताचा टोप चुलीवरून उतरला की पेज गाळून वैलावर बसायचा. निखारे जरा जास्त असले की तळ धरायचा. सगळ्यांची जेवणं झाली की आई मागीलदारी टोप मांडीत घेऊन बसे आणि शिंपल्याने खरवडायला लागे. खर्र... खर्र... तो आवाज आला की आम्ही तिघं भावंडं हातातलं टाकून धावायचो. तांबूस, कडेला काळपट, मध्ये कडक पापुद्रा. त्यावर ताक नि मीठ. थोरला भाऊ मोठा तुकडा पळवी, मी रडे, मग आई तिच्यातला मला देई.

आईच्या तेराव्याला थोरला म्हणाला, "आईने जन्मभर खरवड खाल्ली, आम्हाला भात घातला." सगळे रडले. मीही रडले. ते वाक्य आमच्या घरात आता म्हणीसारखं झालंय.

काल मी झाकण काढलं. तो वास आला, आणि मला आई दिसली. रडवेली वगैरे नाही. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवसाची, टोपात ढीगभर भात उरलेला असताना तो बाजूला सारून आधी तळ खरवडणारी. दाराच्या चौकटीला पाठ टेकलेली, डोळे मिटलेले, तोंडात कुरकुर. त्यात त्यागबिग काही नव्हता. आईला खरवड आवडायची, एवढंच. आणि ती आम्ही तिघांनी मिळून रोज अर्धी पळवली.

थोरल्याला फोन करून सांगावं का? नको. तो त्या वाक्यावर फार उभा आहे.

कुकर आला आणि आमची खरवड गेली. डब्यात भात, डब्याखाली पाणी, लागायला जागाच नाही. इथेही घरोघरी विजेचा कुकर आहे. लेकीचा तर बोलतो. कंपनीचं नाव कुकू, मी पहिल्यांदा कुंकू ऐकलं होतं. त्यामुळे घरात खरवड फारशी होत नाही, पण या लोकांनी तिला सोडलेलं नाही. दुकानात नुरुंगजीची पाकिटं मिळतात, त्या चवीच्या गोळ्यासुद्धा. मी डोंबिवलीला न्यायला दोन पाकिटं घेतली आहेत. भाताची खरवड परदेशातून विकत आणली म्हटल्यावर शेजारणी काय म्हणतील ते म्हणोत.

भांड्यात दोन चमचे खरवड उरली होती. मी तिच्यातला मोठा तुकडा लेकीच्या वाडग्यात टाकायला गेले, तर तिने वाडगा मागे घेतला.

"मला नाही आवडत गं. तू खा."

खरं म्हणत होती की काय, कोण जाणे. मी विचारलं नाही. खाल्ली.