पाचवा सुरय : शिवणीचा ठोकळा ते चोचीचं काळं टोक

मी लाकडात सुरय कोरतो, म्हणजे पाण्यावर फिरणारे, लांब टोकदार चोचीचे पक्षी (इंग्रजीत टर्न). आधीचे चारही पक्षी नदी सुरय होते. ते जमले, कारण ते डोळ्यांसमोर होते. नागपूरच्या गोरेवाडा तलावावर सकाळी पाण्यावरून चोच खाली रोखून फिरणारा सुरय मी इतक्यांदा पाहिलाय, की पटाशी हातात घेतली की त्याची मान आपोआप आठवते. पाचवा मात्र मी कधीही पाहिलेला नाही. चिनी तुरेवाला सुरय. त्याचं आयुष्य चीन, तैवान आणि कोरियाच्या किनाऱ्यालगतच्या खडकाळ बेटांवर जातं, आणि थंडीत तो इंडोनेशिया-फिलिपिन्सकडे उतरतो. नागपूर त्याच्या वाटेत कुठेच नाही.

तरी तोच निवडला, कारण माणसांनी मांडलेल्या बनावट पक्ष्यांना खरे समजून, त्यांच्यावर भरवसा ठेवून वसलेल्या पक्ष्यांच्या ज्या वसाहती मला माहीत आहेत, त्यांत सगळ्यात दुर्मीळ पाहुणा हाच.

त्याची गोष्ट थोडक्यात. पहिला नमुना १८६१ मध्ये इंडोनेशियातल्या हल्माहेरा बेटावर मिळाला. १९३७ मध्ये चीनच्या शांतुंग प्रांताच्या किनाऱ्यावर एकाच वेळी २१ नमुने गोळा केले गेले. मग इतकी सामसूम झाली, की पुढची कित्येक दशकं बहुतेकांनी हा पक्षी संपला असंच धरलं. २००० साली तैवानच्या ताब्यातल्या मात्सू बेटांवर मोठ्या तुरेवाल्या सुरयांचं चित्रण चालू होतं. त्या गर्दीत काही पक्ष्यांच्या पिवळ्या चोचींना काळं टोक दिसलं. चिनी सुरयाच्या चार जोड्या होत्या. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. हजारो फोटो चाळून कुणाला सापडला असता तर एक वेळ समजलं असतं, पण तो सगळा वेळ दुसऱ्या पक्ष्यांच्या घोळक्यात उघड्यावरच बसलेला होता.

नंतर २००४ मध्ये चीनच्या चच्यांग प्रांतातल्या च्योउशान बेटांवरही वसाहत सापडली. २००७ मध्ये खाण्यासाठी, विकण्यासाठी अंडी उचलली गेली आणि ती वसाहत उठली. जोडी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एक टोपली भरली की एक वर्ष गेलं. वादळं वेगळीच.

आता आपल्या कामाचा भाग. २०१३ मध्ये त्याच द्वीपसमूहातल्या थ्येतुन-ताओ बेटावर ३०० नकली सुरय मांडले आणि सौरऊर्जेवर चालणाऱ्या यंत्रांतून सुरयांचे आवाज वाजवले. सुरय एकट्यानं घर मांडत नाही. जिथे आधीच कुणी निवांत बसलंय, तिथेच तो उतरतो. जुलैअखेर तिथे २,६०० मोठे तुरेवाले सुरय मोजले गेले आणि त्यांच्यात १९ चिनी सुरय. त्या मोसमात चिनी सुरयाचं निदान एक पिल्लू उडालं. हीच युक्ती अमेरिकेतल्या मेन राज्यात स्टीफन क्रेस यांनी १९७० च्या दशकात पफिन या समुद्रपक्ष्यासाठी वापरली होती, तेव्हा नकली पक्षी लाकडाचेच होते.

एप्रिलच्या शेवटी काम सुरू केलं. शिवण झाडाच्या लाकडाचा पहिला ठोकळा ‘पक्का वाळलेला’ म्हणून आरा मशीनवरून आणला आणि तो आतून ओला निघाला. मेमधलं ऊन तुम्हाला सांगायला नको. आठ दिवसांत छातीपासून शेपटीपर्यंत सरळ चीर गेली. तीन आठवड्यांचं कोरीव काम गेलं, फार वाईट वाटलं. दुसरा ठोकळा जुन्या दाराच्या फळीतून काढला. तीही शिवणच. हलकी, पटाशीला मऊ, आणि एकदा मुरली की हलत नाही. सागवान मी आता सुरयासाठी वापरणार नाही. त्याच्या तंतूंची रेष बारीक कामात फार अडवते.

माप चोचीपासून शेपटीपर्यंत ४० सेंटिमीटर धरलं. मोठा तुरेवाला याहून चांगलाच भरदार असतो आणि त्याची पाठ गडद असते, हे दोन्ही पक्षी शेजारी ठेवायचे असतील तर लक्षात ठेवा.

डोकं थोडं डावीकडे वळवलं होतं. इथेच चुकलो. अंग आणि डोकं एकाच ठोकळ्यात, रेष शेपटीपासून छातीकडे. डोकं वळलं की चोच रेषेला आडवी येते. कानशीनं टोक घासताना ती कट्‌कन तुटली. आता चोच वेगळी करतो. जुन्या, कडक बांबूची साल वरच्या बाजूला ठेवून कोरायची, मागे दोन सेंटिमीटरची खुंटी सोडायची, डोक्यात भोक पाडून फेविकॉलनं बसवायची. बांबूची चोच हातातून फरशीवर पडूनही टिकली.

मग पिसं. जूनचा अख्खा महिना मी पंखावरची एकेक पिसाची कडा कोरत बसलो. जे मिस्त्री काका आमच्या भागात तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी बनवतात, त्यांना दाखवायला नेला. त्यांनी पक्षी हातात घेतलाच नाही. दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला लावला, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘भाऊ, तू पिसं कोरू रायला, पण पाखरू कुठी हाय? माह्या बैलाले पा. लेकरू त्याले दोरीनं ओढत नेते. दहा हातावरून लोकायले बैल दिसला पाह्यजे.’’

घरी येऊन पक्षी अंगणात ठेवला आणि गच्चीवर गेलो. काकांचं खरं होतं. वरून महिनाभराची पिसं दिसतच नव्हती. दिसत होती ती मान, आणि ती ताठ होती. सुरय घाबरला की मान उंच करतो, तुरा उभारतो. म्हणजे मी धोक्याची सूचना देणारा पक्षी कोरला होता! वरून उडणाऱ्याला तो ‘इथे उतरू नको’ म्हणाला असता. मान दीड सेंटिमीटर खाली उतरवली, डोकं खांद्यात घेतलं, तुरा मागे झोपवला. त्या एका संध्याकाळी पक्षी बसला.

रंगाचं लवकर आटोपतं. भेगा बुजवायची लांबी (पुट्टी), प्रायमर, बारीक पॉलिश पेपर, मग ॲक्रिलिक. पाठीसाठी पांढऱ्यात काळा मिसळू नका, मेलेला राखाडी येतो. निळा आणि तपकिरी घेतला. उडायची लांब पिसं गडद, म्हणजे फिकी पाठ उठून दिसते. वरून चकाकणारं व्हार्निश नको, जिवंत पक्षी उन्हात तसा चमकत नाही.

चोचीचं टोक मी शेवटी ठेवलं. आधी सगळी चोच नारिंगी-पिवळी, मग तीन केसांचा ब्रश, आणि काळा. पावसाळी हवेत रंग वाळेना, म्हणून अर्धा तास तसाच हातात धरून बसलो. त्या काळ्या टोकाआधी तो कुठलाही तुरेवाला सुरय होता.

हा पक्षी आजही ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात आहे. २०१६ मध्ये दक्षिण कोरियात त्याचं घरटं सापडलं आणि आता संख्या शंभराच्या वर गेली आहे. मोठ्या सुरयांशी होणारा संकर ही एक काळजी आहेच, पण त्यांच्या गर्दीशिवाय तो टिकतही नाही. आपला नदी सुरयही ‘असुरक्षित’ वर्गात गेलाय. वाळूच्या बेटांवरची त्याची अंडी कुत्री आणि अचानक सोडलेलं पाणी नेतात.

थ्येतुन-ताओच्या हिशेबानं एका चिनी सुरयामागे सुमारे १३७ मोठे सुरय हवेत. मी सहा मोठे सुरय करणार आहे. दाराची फळी तेवढी पुरेल. काकांनी पोळ्याची गर्दी सरली की त्यांची अर्ध्या इंचाची गोल पटाशी द्यायचं कबूल केलंय, तोवर पहिल्या दोघांची नुसती अंगं कापून ठेवतो.