कूपरेज ते शाहू स्टेडियम: एका फुटबॉलवेड्याची कोल्हापूरवारी

कोल्हापुरात मॅच कुठे आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. सीझनमध्ये दुपारी दीडच्या सुमारास मिरजकर तिकटीपाशी उभं राहायचं. एकेका गाडीवर तिघं-तिघं, मागच्याच्या हातात गुंडाळलेला झेंडा, असे ज्या बाजूला वळतील तिकडे आपणही चालू लागायचं. शाहू स्टेडियम येतं.

मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईहून गेलो तो फक्त फुटबॉल बघायला, हे आत्याला काही केल्या पटेना. "अंबाबाईच्या दर्शनाला आलास म्हण की," असं तिने सुचवून पाहिलं. शेजारच्या काकूंना तिने तेच कारण सांगितलं, आणि मला सकाळी सकाळी देवळात पिटाळून ते खरंही करून घेतलं.

या हौसेची सुरुवात २०२२-२३ च्या आय-लीगपासून झाली. आपल्या देशातली ही दुसऱ्या श्रेणीची लीग. २००७ मध्ये सुरू झाली तेव्हा देशात हिच्या वर काही नव्हतं. पुढे २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली, पैसा आणि कॅमेरे तिकडे गेले. त्या २०२२-२३ च्या मोसमात पहिल्यांदाच ठरलं की आय-लीग जिंकणारा आयएसएलमध्ये जाईल. बारा संघ, प्रत्येकाचे २२ सामने. मुंबईचा केंकरे एफसी त्यात होता आणि घरचे सामने कूपरेजला, म्हणजे मला ऑफिसातून चालत जाण्यासारखे. मी जमेल तेव्हा जायचो. श्रीनगर, ऐझॉल, इंफाळ अशा कुठल्या कुठल्या गावांहून संघ यायचे. खेळ वाईट नसायचा, पण पायऱ्यांवर बसलेली माणसं मोजता आली असती. मैदानातला कोच ओरडला की त्याचा शब्दन् शब्द ऐकू यायचा, आणि बाहेर चर्चगेटची गर्दी आपली लोकल पकडायला धावत असायची. शेवटी पंजाबचा संघ अव्वल येऊन वर गेला, केंकरे आणि दिल्लीचा सुदेवा खाली गेले. मुंबईचा राष्ट्रीय लीगमधला एक संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला कुणीही त्यावरून छेडलं नाही. मला खरं तर तेच लागलं.

महाराष्ट्राला याची सवयच आहे म्हणा. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची, आय-लीगच्या आधीची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. पुणे एफसी २०१५ मध्ये संपला. मालकाने हात काढून घेतला की खेळ खलास.

माझा आतेभाऊ, दादा, शिवाजी पेठेत राहतो. दर्शन उरकल्यावर तो मला गांधी मैदानात घेऊन गेला. पोरं खेळत होती, बहुतेक अनवाणी, गोलच्या जागी चपलांचे दोन ढीग. एकाचा फटका भरकटला की सगळी मिळून त्याचा उद्धार करत होती. दादा म्हणाला, "यातलं जे पोरगं शिव्या खाऊन पण पुन्हा शॉट मारतंय, ते पुढं तालमीत दिसणार बघ."

तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. पण पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल अशी नावं घेतली की आजचा कोल्हापूरकर आधी फुटबॉलबद्दल बोलतो. सोबत प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी. वरिष्ठ गटात असे सोळा संघ आणि स्पर्धा कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची (केएसए). केएसए १९४० पासूनची आहे. म्हणजे आय-लीगपेक्षा कितीतरी जुनी.

दुपारी स्टेडियमवर. दिवसाला दोन मॅच, एक दोनला आणि एक चारला. दुसरी दादाच्या तालमीची होती. कुठली तालीम ते लिहीत नाही, निम्मे वाचक इथेच पान बंद करतील. ऊन मरणाचं, पायऱ्या तापलेल्या, तरी जागा मिळायची मारामार. कुठल्या पेठेने कुठे बसायचं हे कुठेही लिहिलेलं नाही आणि प्रत्येकाला माहीत आहे. शेंगावालासुद्धा एका कोपऱ्यापर्यंत येऊन मागे फिरत होता. मध्ये पोलीस. तो बंदोबस्त उगाच नाही, इथे हुल्लडबाजी आणि दगडफेक झालेली आहे. कोल्हापूरकर तेही कधीकधी कौतुकाने सांगतात. मला नाही त्यात कौतुक वाटत.

पूर्वार्ध रटाळ गेला, नुसती मधल्या पट्ट्यात खेचाखेच. उत्तरार्धात आमच्या डाव्या बॅकने थ्रो-इन घेतला. बॉल आधी जर्सीला पुसला, दोन पावलं मागे गेला आणि थेट गोलसमोर फेकला. गोलकीपर पुढे आला पण मुठीचा फटका अर्धवट बसला. बॉल टप्पा घ्यायच्या आत आमच्या सात नंबरने उजव्या पायाने असा काही हाणला की खांबाला आतून लागून जाळीत. पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण मागच्या काकांनी माझ्या पाठीत दणका घातला आणि दादा माझ्या खांद्यावर चढायच्या बेतात होता. समोरची बाजू गप्प. दहाएक मिनिटं असं सुख. मग शेवटी शेवटी कॉर्नरवर त्यांनी गोल फेडला, आणि आता गप्प बसायची पाळी आमची. एक-एक.

बाहेर पडताना रावणेश्वराच्या देवळापाशी समोरच्या पेठेतला दादाचा एक मित्र भेटला. बरोबरीच झालेली, पण त्याने असा हात दाखवला जणू कप घेऊन चाललाय. दादा खासबागेत भेळ समोर आली तरी त्यालाच शिव्या घालत होता.

तिथेच मी विचारलं, एवढं पब्लिक आहे तर कोल्हापूरचा एक संघ करून आय-लीगला का नाही उतरवत? खर्चाचा हिशेब त्याला पाठ होता. देशभर विमानाने फिरायचं, लायसन्सच्या अटी, ज्युनिअर संघ, पगारी स्टाफ. पण तो म्हणाला, "पैशाचं बघता येईल रे. पण आमची पोरं तिकडं काश्मीरला जाऊन जिंकली, तर आम्ही इथं कुणाला चिडवायचं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. मी तरी कूपरेजला कुणाला चिडवणार होतो?

खेळाडू मात्र बाहेर पडतात. अनिकेत जाधव इथलाच. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडियन अॅरोज या तरुण खेळाडूंच्या संघाच्या त्या मोसमातल्या पहिल्या आय-लीग सामन्यात चेन्नई सिटीविरुद्ध त्याने दोन गोल मारले. त्याचं नाव निघालं की पेठ कुठलीही असो, सगळे 'आमचा' म्हणतात. आणि शहराच्या नावाचा संघ राष्ट्रीय लीगमध्ये उतरला तो मुलींचा: एफसी कोल्हापूर सिटी २०१९ मध्ये इंडियन विमेन्स लीग खेळला. हे मी सांगितलं तेव्हा भेळेच्या टेबलावरच्या चौघांपैकी एकालाच ठाऊक होतं, आणि त्याची बहीण फुटबॉल खेळते. पुरुषांच्या मॅचला पायऱ्या भरतात त्याच्या निम्म्याने तरी मुलींच्या मॅचला भराव्यात, असं मी म्हटल्यावर विषय पटकन कुस्तीवर गेला.

तुम्हाला जायचं असेल तर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत कधीही जा. लीग आटोपली की वेगवेगळ्या चषकांच्या नॉकआउट स्पर्धा लागतात आणि त्यांच्या फायनलला गर्दी विचारू नका, चारच्या मॅचला दोनलाच जागा धरा. डोक्याला टोपी, बसायला जाड कागद, सुट्टे पैसे. कुणी "तुम्ही कुणाचे?" विचारलं तर "मुंबईहून आलोय, नुसता बघायला" एवढंच सांगा. दादाने मला हेच शिकवून आत नेलं होतं, आणि पहिल्या गोलला स्वतःच ओरडून सगळ्या गॅलरीला सांगितलं की हा आमचा पाहुणा आहे.