र्यूक्यूची मिरवणूक, १८३२ : राजपुत्राचा मेणा जमला

या मिरवणुकीचं छोट्या बाहुल्यांचं मॉडेल मी बनवतेय. त्यातली निशाणं आणि वादक आधीच दाखवले होते. आता मेणा उभा राहिलाय आणि आत राजपुत्र बसलाय. पुट्टी वाळली, प्रायमर झाला, रंगकाम निम्म्यावर आहे.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. र्यूक्यूचं राज्य म्हणजे आजचं ओकिनावा. १६०९ साली दक्षिण जपानमधल्या सात्सुमा या संस्थानानं ते जिंकलं, पण राजाला गादीवर राहू दिलं. नवा शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, आला की अभिनंदनासाठी आणि र्यूक्यूत नवा राजा बसला की आभार मानायला एका राजपुत्राला शोगुनच्या राजधानीला, एदोला (आजचं तोक्यो) जावं लागे. १८३२ ची शिष्टाई राजा शो इकूच्या राज्यारोहणाची. प्रमुख दूत होता तोमिगुसुकू राजपुत्र.

तो र्यूक्यूतल्या नाहाहून जहाजानं सात्सुमातल्या कागोशिमाला पोहोचला आणि तिथंच वारला. पुढे समुद्रमार्गे ओसाका, नदीतून होड्यांनी फुशिमी आणि मग तोकाइदो या एदोला जाणाऱ्या रस्त्याची लांबलचक वाट, हे सगळं अजून बाकी होतं. शिष्टाई मात्र थांबवता येत नव्हती. मग फुतेन्मा या उएकाता हुद्द्याच्या अधिकाऱ्यानं मृताचं नाव आणि पद धारण केलं, आणि एदोत तोमिगुसुकू राजपुत्र म्हणून तोच मिरवला.

ही हकीकत वाचल्यापासून मला या माणसाशिवाय दुसरं काही सुचत नाही. मेण्यात मी फुतेन्मालाच बसवलंय. पाठ ताठ, हात बाहीत, नजर सरळ समोर. १/७२ मापात चेहऱ्यावर फार काही दाखवता येत नाही, म्हणून सगळा भर बसण्याच्या ढबीवर दिला. परक्या नावाला हाक आली तरी दचकायचं नाही, हे खांद्यांत दिसायला हवं.

अंगात चिनी पद्धतीचा दरबारी झगा. सात्सुमाचा १७०९ पासून तसाच आग्रह होता: दूत जपानी दिसता कामा नयेत. परदेशी राजाचे दूत आपल्यामागून चालतात, हे लोकांनी पाहिलं की सात्सुमाचा मान वाढे.

बाकीच्यांच्या हाचिमाचीचे, म्हणजे डोक्यावरच्या गुंडाळीच्या टोपीचे रंग हुद्द्याप्रमाणेच द्या: उएकाता जांभळा, पेचिन पिवळा, त्याखालचे सातुनुशी लाल. बाटलीतला जांभळा सरळ लावला तर फार भडक दिसतो. मी किरमिजी आणि निळा मिसळून त्यात चिमूटभर राखाडी घातला, वर पातळ वॉश. रेशमाची झाक सॅटिन वार्निशनं चांगली येते, ग्लॉस नको.

आता घोड्यावरचे गाकुदोजी घेतेय. हे खानदानी घरांतले किशोरवयीन वादक, एदोच्या किल्ल्यात शोगुनपुढे वाजवायचे. त्यांच्या केसांतले काटे अजून जमलेले नाहीत. तांब्याची बारीक तार कापून पाहणार आहे. त्याहून बारीक काही कुणी वापरलं असेल तर जरूर सांगा.